दाराबाहेरचा अंकल

आमच्या वकील मिस डिक्सन यादी वाचायला लागल्या. शाळेचं पत्र, त्यात वडिलांचं नाव हवं. डॉक्टरांचं पत्र, मुलीला दवाखान्यात कोण आणतं ते लिहिलेलं. पालकसभेच्या नोंदी, वडिलांच्या सहीसकट. बापलेकीचे एकत्र फोटो, दर वर्षाचे थोडे थोडे. मी पहिल्या दोन ओळी ऐकल्या आणि पुढे माझे कान बंद झाले. शेजारी लान्साना मात्र मान डोलवत होता, जसं काही हे सगळे कागद घरी कपाटात घडी घालून ठेवलेत.

"यातलं काय काय आहे तुमच्याकडे?" त्यांनी चष्मा वर सरकवून विचारलं.

"काहीच नाही," मी म्हणाले.

"काहीच म्हणजे?"

"म्हणजे फोटोसुद्धा नाही. बाई, आठ वर्षं आम्ही या माणसाचं नाव कुठल्या कागदाला लागू दिलं नाही. वाचनालयाचं कार्डसुद्धा नाहीये त्याच्या नावाचं. आणि तुम्ही म्हणता, पुरावे आणा."

"एका फोटोत माझा अंगठा आलाय," लान्साना म्हणाला. घरातले सगळे फोटो तोच काढायचा.

वकीलबाईंना हसू आलं नाही. मलाही आलं नाही.

लान्साना माझा नवरा. हे साधं वाक्य घराबाहेर बोलायला मला आठ वर्षं लागली, म्हणून इथे आधीच बोलून घेते. आमच्या सिएरा लिओनमध्ये लढाई पेटली तेव्हा मावशीने मला पेकहॅमला आणलं. मी सहा वर्षांची होते. त्यामुळे माझा पासपोर्ट ब्रिटिश आणि माझी मुलगी इसातू जन्मापासून ब्रिटिश. लान्साना तिकडच्याच केनेमा गावचा. तो मोठेपणी आला, हिशेबनिसाचं शिकायला. एके दिवशी त्याच्या कॉलेजलाच कुलूप लागलं, पाठोपाठ व्हिसा संपला, आणि तोवर इसातू माझ्या पोटात होती. निका मावशीच्या बैठकीच्या खोलीत झाला. इमाम, चाळीस माणसं आणि भाताची तीन पातेली. सरकारी कागद एकही नाही.

नवऱ्याला बायकोच्या आधाराने व्हिसा मिळतो, पण त्याला अटी. नवरा आधीच कायदेशीर राहत असला पाहिजे, आणि बायकोचा पगार ठरलेल्या आकड्याच्या वर पाहिजे. मी वृद्धाश्रमात काम करते. म्हाताऱ्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं. त्या पगारात सरकारच्या लेखी मला नवरा परवडत नाही. ज्याला विचारावं तो सांगायचा, परत पाठव त्याला, तिथून अर्ज करू दे. आमच्या ओळखीतला इद्रिसा असाच ऐकून गेला आणि तिकडेच अडकला. त्याचा पोरगा आता फोनवर बापाशी बोलायला नको म्हणतो. तेव्हा आम्ही दोघांनी कानाला खडा लावला आणि चिडीचूप राहायचं ठरवलं.

मग गेल्या वर्षी माझ्याबरोबर काम करणारी मारिसेल चादर बदलता बदलता सहज बोलून गेली, "अगं, पोर ब्रिटिश असलं की वेगळा नियम लागतो ना!" मी चादरीचं माझ्या हातातलं टोक सोडून दिलं.

तो वेगळा नियम मिस डिक्सननी आम्हाला समजावून सांगितला. मूल ब्रिटिश आहे, अठराच्या आत आहे, त्याला देशाबाहेर काढणं अन्यायाचं होईल आणि बापाचं त्याच्याशी खरंखुरं, चालू नातं आहे, एवढं दाखवलं तर बाकीच्या अटी सोडतात. कायमची परवानगी मिळायला नेहमीच्या पाच वर्षांऐवजी दहा वर्षांचा रस्ता, पण रस्ता.

"म्हणजे माझ्याशी लग्न केलंय त्याला किंमत नाही?" मी विचारलं.

"या नियमात तुमचे यजमान मुलीच्या जोरावर राहणार. तुमच्या नाही."

"बघ," लान्साना मला म्हणाला, "आता घरात कुणाचा शब्द चालणार ते ठरलं."

हा माणूस असाच आहे. पायाखालची वाळू सरकत असली तरी विनोद करील. त्या दिवशी मला तो विनोद आवडला होता, कारण मला वाटलं, नातं खरंखुरं आहे हे दाखवायला काय लागतं? पेकहॅममध्ये इसातूच्या बापाइतका बाप कुणाला आहे? त्याला कामाची परवानगी नाही, म्हणून मी कामावर आणि तो घरी. तिचा डबा तो करतो, आजारपण तो काढतो. तिच्या केसांच्या वेण्या तो घालतो, बारीक, सरळ, टाळूला चिकटून, राय लेनवरच्या पार्लरवाल्या बघत राहतील अशा. शाळेत बाई म्हणतात, "इसातू, तुझी मम्मी काय छान वेण्या घालते!" आणि इसातू म्हणते, "हो ना."

आमचा नियमच होता. दाराच्या आत पापा, दाराबाहेर अंकल.

आमच्यात अंकल म्हणायला कुणाला नातं लागत नाही. वडिलांच्या वयाचा कुणीही अंकल आणि आईच्या वयाची कुणीही आंटी. त्यामुळे इसातूने रस्त्यात त्याला अंकल म्हटलं तर कुणाची मान वळत नव्हती. सातव्या दिवशी बाळाला पहिल्यांदा दाराबाहेर आणून नाव ठेवायचा रिवाज आहे आमचा, तेव्हापासून हे चालू झालं. त्या दिवशी हॉल भरलेला, प्रत्येकाच्या हातात फोन, जो तो चित्रण करतोय. लान्साना मागे, चपलांच्या ढिगाजवळ, पाहुण्यांत उभा. आमचा निका लावणाऱ्या इमामांना सगळं माहीत होतं, त्यांनी बापाचं नाव ओठांतल्या ओठांत घेतलं. मूल झालं की आमच्यात माणसाचं स्वतःचं नाव सुटतं. दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यांची 'इसातूची आई' झाले. त्याला कुणी 'इसातूचे पापा' म्हटलं नाही. जन्माच्या दाखल्यावर बापाच्या रकान्यात आडवी रेघ आहे. घराच्या फॉर्मवर मी लिहिलं, प्रौढ व्यक्ती एक.

इसातू चार वर्षांची होती तेव्हा ओळखीच्या एका माणसाला इमिग्रेशनवाल्यांनी न्हाव्याच्या दुकानातून उचललं. कुणी म्हणालं, त्याच्याच पोराने शाळेत काहीतरी बडबड केली. खरं खोटं देव जाणे. पण मी त्या आठवड्यात घरात एक खेळ सुरू केला. मी व्हायचे एक गोड बाई. पर्स घ्यायची, बारीक आवाज काढायचा आणि विचारायचं, "किती छान मुलगी! हे तुझे डॅडी का?" ती म्हणायची, "नाही, अंकल." बरोबर उत्तराला एक बिस्किट. मग मी प्रश्न अवघड केले. "मग डॅडी कुठे असतात?" "केनेमाला." "काय करतात?" "टायरचं दुकान आहे." टायरचं दुकान तिचं स्वतःचं, मी शिकवलं नव्हतं. शेवटी मी सातवा, सगळ्यात अवघड प्रश्न काढला. "अगं, तुझ्या मम्मीनेच मला सांगितलंय. मला खरं सांगायला काही हरकत नाही." त्यावर ती एकदाच फसली आणि हळूच म्हणाली, पापा. तेव्हा मी तिच्याशी दिवसभर बोलले नाही. पाच वर्षांच्या पोरीशी. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

पुन्हा कधीच फसली नाही ती.

वकीलबाईंच्या सांगण्यावरून मी शाळेकडे पत्र मागितलं. ते आठ दिवसांत आलं, शाळेच्या शिक्क्याचं, फार सभ्य भाषेतलं. इसातू हुशार आहे, हजेरी उत्तम. तिला रोज कुटुंबाचे एक स्नेही श्री. लान्साना आणतात-नेतात, आईच्या लेखी परवानगीने. वडिलांशी शाळेचा संपर्क कधी आलेला नाही. वडील सिएरा लिओनमध्ये असतात असं इसातूने वेळोवेळी शिक्षकांना सांगितलेलं आहे, आणि त्यांच्या टायरच्या व्यवसायाबद्दल तिला अभिमान वाटतो.

लान्सानाने ते पत्र दोनदा वाचलं.

"धंदा बरा चाललाय माझा," तो म्हणाला. मग उठून भांडी घासायला गेला आणि घासलेलीच भांडी परत घासत बसला.

मिस डिक्सननी पत्र टेबलावर उलटं ठेवलं. रक्ताची तपासणी करू, त्या म्हणाल्या, पण रक्ताने बाप सिद्ध होतो, नातं नाही. असे कितीतरी बाप असतात ज्यांचं रक्त जुळतं आणि पोराचा वाढदिवस माहीत नसतो, आणि सरकारला तुम्ही त्यातलेच दिसाल. एकच उपाय आहे. एक स्वतंत्र सोशल वर्कर घरी येईल, तुम्हाला पाहील, मुलीशी एकटीशी बोलेल आणि अहवाल देईल. तो अहवाल चांगला आला तर बाकीचं मी सांभाळते.

"आणि वाईट आला तर?" लान्सानाने विचारलं.

"मग अर्ज न केलेला बरा होता असं वाटेल. कारण आता तुम्ही त्यांच्या नजरेत असाल."

मला तेव्हा कळलं की आम्ही दोन्हीकडून अडकलोय. लपून राहिलो तर नातं सिद्ध होत नव्हतं, आणि उजेडात आलो तर लपायला जागा उरत नव्हती.

त्या रविवारी मी इसातूला माझ्या शेजारी बसवलं. ती नुकतीच नऊ वर्षांची झाली होती. लान्साना तिच्या मागे खुर्चीवर बसून वेण्या घालत होता, त्यामुळे तिला मान हलवता येत नव्हती.

"इसातू, शनिवारी एक बाई येणार आहेत. मिसेस प्रिचर्ड. त्या तुला पापांबद्दल विचारतील. त्यांना खरं सांगायचं."

"कुठलं खरं?"

"खरं म्हणजे खरं. की हे तुझे पापा."

तिने डोळे बारीक केले. मग तिच्या गालावर खळी पडली. "कळलं," ती म्हणाली.

"काय कळलं?"

"हा आठवा प्रश्न आहे. तू नवीन काढलायस."

"अगं, खेळ नाहीये हा! मी खरंच सांगते आहे."

"'मी खरंच सांगते आहे' हे पण तू मागे एकदा म्हटलं होतंस." तिने हात मागे नेऊन लान्सानाच्या गुडघ्यावर थोपटलं. "घाबरू नका हं, पापा. मी नाही सांगणार."

"सांग गं राणी," लान्साना म्हणाला. "या खेपेला सांगायचंच आहे. मी सांगतो ना."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, पापा," ती म्हणाली. "तुमचे कान हलतात."

मी तिला आणखी दोनदा समजावलं. तिसऱ्या वेळी ओरडले, आणि तिथे सगळं बिघडलं. कारण मी ओरडले की प्रकरण खरोखरच धोक्याचं आहे हे तिला ठाऊक होतं. ती शाळेत बसतात तशी हात मांडीवर ठेवून बसली आणि म्हणाली, "हो, मम्मी." त्या 'हो'चा अर्थ मला समजला. आईला बाईने घाबरवलंय, तेव्हा आपल्याला दुप्पट सावध राहायला हवं.

मी सोमवारी मिस डिक्सनना फोन केला. म्हटलं, मला पोरीकडून तयारी करून घेऊ द्या, चार दिवस रोज घोकून घेते. त्या माझ्यावर कधी नव्हे ते चिडल्या. "अजिबात नाही! पाठ केलेलं बोलली तर त्या बाईंच्या लगेच लक्षात येईल आणि अहवालात तेच लिहिलं जाईल. तिला तिचं बोलू द्या." तिचं म्हणजे कुठलं, हे मी त्यांना कसं सांगणार होते? पाच वर्षं घोकून घेतलेलं, तेच तर तिचं झालं होतं.

शनिवारी सकाळी अकराला मिसेस प्रिचर्ड आल्या. पांढरे केस, जाड बूट, पाठीला पिशवी. मला वाटलं होतं कुणीतरी कडक बाई येईल, पण या आल्या आणि कसाव्याच्या पाल्याच्या भाजीचा वास घेऊन म्हणाल्या, "मला थोडी मिळेल का?" फार गोड होत्या. मी मनातल्या मनात डोक्यावर हात मारून घेतला, कारण पोरीला मी शिकवलं होतं की जितकी बाई गोड, तितकी ती धोक्याची.

इसातू दारातच उभी होती. "गुड मॉर्निंग," ती म्हणाली, आणि वळून स्वयंपाकघराकडे बघत हाक मारली, "अंकल, पाहुण्या आल्यात!"

लान्सानाच्या हातातला डाव भाजीतच राहिला.

थोडा वेळ आमच्याशी बोलून मिसेस प्रिचर्ड इसातूला घेऊन तिच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. आमच्या फ्लॅटच्या भिंती म्हणजे नुसते पुठ्ठे. आम्ही दोघं ओट्याशी उभे होतो आणि आम्हाला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

आधी शाळा झाली, मैत्रिणी झाल्या. मग मिसेस प्रिचर्ड म्हणाल्या, "तुझ्या वेण्या किती सुरेख आहेत. कोण घालतं?"

"मम्मी."

मी आयुष्यात कुणाच्या दोन वेण्या धड घातल्या नाहीत.

"आणि आजारी पडलीस की तुझ्याजवळ कोण बसतं?"

"मम्मी."

"मम्मी तर कामावर असते ना?"

"मग आंटी बसते. शेजारची."

"आणि बाहेर भाजी करताहेत ते कोण?"

"अंकल लान्साना. ते मम्मीचे ओळखीचे आहेत. कधीकधी येतात."

"इसातू," मिसेस प्रिचर्ड हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्या मम्मीने मला सांगितलंय. मला खरं सांगायला काही हरकत नाही."

माझंच वाक्य होतं ते. स्वर माझा होता, शब्द माझे होते, फक्त पर्स नव्हती. मी दाराशी गेले. माझा हात कडीवर होता. एवढंच ओरडायचं होतं की सांग गं बाळा, सांग, मी हरले, हा खेळ नाही. पण आत गेले तर ते घोकून घेणं झालं असतं, अहवालात आलं असतं की आईने मध्येच येऊन मुलीच्या तोंडी उत्तर घातलं. आणि नाही गेले तर माझ्या पोरीने तिच्या बापाला जन्मभरासाठी विमानात बसवलं असतं. लान्सानाने मागून येऊन माझा हात कडीवरून काढला. त्याच्या बोटांना तेल होतं, माझं मनगट निसटत होतं, तरी त्याने सोडलं नाही.

आतून इसातूचा आवाज आला, स्वच्छ, शाळेत कविता म्हणावी तसा. "माझे डॅडी केनेमाला असतात. त्यांचं टायरचं दुकान आहे. ते उंच नाहीत. त्यांना वेण्या घालता येत नाहीत."

लान्साना भिंतीला पाठ लावून खाली बसला. त्याने हसायचा प्रयत्न केला. या वेळी त्याला जमलं नाही.

पुढचं बोलणं फार हळू झालं, आम्हाला ऐकू आलं नाही. मग मिसेस प्रिचर्ड बाहेर आल्या, उभ्यानेच दोन घास भात खाल्ला, लान्सानाकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि गेल्या.

दार बंद झालं तशी इसातू उड्या मारत आली. "मम्मी, तिने सगळ्यात अवघडवालं पण विचारलं! 'तुझ्या मम्मीने सांगितलंय'वालं! मी नाही फसले. एकदा पण नाही!"

ती माझ्याकडे बघत होती. लान्साना जमिनीवरून उठला, तिला जवळ घेतलं, तिच्या वेण्यांवर ओठ टेकवले आणि म्हणाला, "शाब्बास, पोरी. फार छान केलंस." मग त्याने तिला बिस्किट दिलं. ती खात असताना मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडून घेतलं.

दोन आठवडे मी मनातल्या मनात त्याचं सामान बांधत होते. कामावर एका आजोबांना मी दोनदा नाश्ता भरवला, तेही बिचारे गुपचूप जेवले. अहवाल आला तेव्हा मिस डिक्सननी आम्हाला ऑफिसात बोलावलं आणि त्यातला एक परिच्छेद वाचून दाखवला.

त्यात लिहिलं होतं की मुलगी या गृहस्थांना वडील मानत नाही असं सांगते, पण सांगते ते पाठ केल्यासारखं. मात्र बोलणं संपल्यावर तिने स्वतःहून तीन प्रश्न विचारले. तुम्ही लिहिणार ना की ते फक्त अंकल आहेत? फक्त अंकल असले तर त्यांना नेत नाहीत ना? आणि नेलंच, तर विमानात त्यांना पाठदुखीची गोळी द्याल का, त्यांना मागायला लाज वाटते. माझ्या मते, मिसेस प्रिचर्डनी लिहिलं होतं, आपल्या वडिलांना नाकारायची इतकी मेहनत मूल तेव्हाच घेतं जेव्हा त्यांना गमावण्याची भीती त्याला रोज असते. नातं खरं आहे आणि चालू आहे.

लान्सानाने रुमाल काढून नाक पुसलं. "गोळीचं तिला कुणी सांगितलं?" तो म्हणाला.

अर्ज गेला. बोटांचे ठसे झाले, रक्त झालं, आणि मग अकरा महिने काहीच झालं नाही. त्या अकरा महिन्यांत दाराची घंटा वाजली की आम्ही तिघंही जिथे असू तिथे थांबायचो. इसातू दहा वर्षांची झाली. शेवटी एका मंगळवारी टपालाने सरकारचं पत्र आलं, सोबत लान्सानाच्या नावाचं कार्ड. मंजूर. अडीच वर्षं. मग पुन्हा अर्ज, पुन्हा पुरावे, पुन्हा अडीच, असं चार वेळा, तेव्हा कुठे दहा वर्षं पुरी.

लान्सानाला त्या दिवशी बाकीचं काही ऐकायचं नव्हतं. त्याने जुम्म्याचा निळा झगा काढला, स्वतः इस्त्री केला आणि मला म्हणाला, "सुट्टी टाक. आज आपण दोघं जायचं शाळेत." सहा वर्षं तो ज्या फाटकापासून वीस पावलं लांब, बसथांब्याच्या आडोशाला उभा राहायचा, त्या फाटकाच्या आत जाऊन उभा राहिला. इसातूच्या बाई पोरांना एकेक करून सोडत होत्या. त्याने पुढे होऊन हात पुढे केला आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नमस्कार! मी इसातूचा पापा."

बाई गोंधळल्या, मग हसल्या. "असं का! इसातू, बघ कोण आलंय."

इसातू दारात होती. तिचा चेहरा असा पडला की मला वाटलं तिला चक्कर येतेय. तिने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. मग ती हसली, ते तिचं पाहुण्यांसमोरचं हसू. "मिस, अंकलना थट्टा करायची सवय आहे," ती म्हणाली, आणि माझा हात धरून इतक्या जोरात ओढत निघाली की मला पळावं लागलं. लान्साना मागून येत होता. अख्ख्या रस्त्यात ती एकदाही वळली नाही.

घरी आल्यावर त्याने तिला समोर बसवलं आणि कार्ड तिच्या हातात दिलं. "बघ. माझा फोटो, माझं नाव. आता कुणी नेत नाही. आता रस्त्यात ओरडलीस तरी चालेल, पापा म्हणून."

तिने ते कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं, सावकाश, बोट ठेवून.

"हे संपतंय," ती म्हणाली. "इथे तारीख आहे."

"हो. मग परत अर्ज करायचा."

"तेव्हा मी साडेबारा वर्षांची असेन." तिने बोटांवर मोजून बघितलं. "आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

मी लान्सानाकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे.

"मग मी सवय कशाला मोडू?" ती म्हणाली. तिचा आवाज चिडलेला नव्हता, समजावणीचा होता, जसं आम्हीच लहान आहोत. "आणि मम्मी, मी ठरवलंय. आता घरात पण अंकलच म्हणणार. आत एक आणि बाहेर एक असलं की कधीतरी चुकायला होतं."

तिने कार्ड बाहीला पुसलं आणि त्याच्या हातात परत दिलं.

"नीट ठेवा, अंकल," ती म्हणाली.